घर उचलायचा वार

दर सोमवारी आमच्या गावाहून सागाची पानं विकायला सेमारांग शहराच्या बाजारात येणारा कांग दारमो मला बघून नुसता हसला असता, कशा आहात म्हणाला असता, तर मी बटणं घेऊन सरळ घरी गेले असते. पण तो गठ्ठ्याची दोरी सोडता सोडता म्हणाला, "मग गुरुवारी येताय ना? तुकिमिन म्हणतो, चाळीस खांदे लागतील. कौलं उतरवायला कालच सुरुवात झाली." तुकिमिन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, वार्तीचा, नवरा. कौलं म्हणजे आमच्या घराची कौलं. मला कुणी काही कळवलं नव्हतं. माझ्या तोंडून मात्र पटकन निघून गेलं, "येणार तर! माझ्याशिवाय घर हलतंय होय?" दारमो म्हणाला, "तेच म्हणतो मी. थोरल्या तुम्ही." आणि तो दुसऱ्या बाईला पानं मोजून द्यायला लागला. मी तिथेच उभी राहिले. हातात शाळेच्या सदऱ्यांच्या पांढऱ्या बटणांची पुडी होती, ती मी इतकी आवळली की फाटली आणि चार-सहा बटणं शेजारच्या मासळीवालीच्या टोपलीत पडली. ती म्हणाली, "बाई, हे मासे मेलेत, त्यांना कशाला सदरे शिवताय?" सगळे हसले. मीही हसले, बटणं वेचली, आणि घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळवत राहिले, की गावातल्या पानवाल्याला ठाऊक आहे आणि मला नाही.

आमच्याकडे घर वेगळं आणि जमीन वेगळी. सागाचे चार मधले खांब, भोवती बारीक खांब, वर आढं, सगळं खुंट्यांनी बसवलेलं. खांब पुरलेले नसतात, दगडी उथळ्यांवर नुसते टेकलेले असतात. कौलं उतरवली, भिंतींच्या फळ्या काढल्या, आडवे-उभे बांबू बांधले की उरलेला सांगाडा गाव खांद्यावर घेतं आणि हवा तिथे नेऊन ठेवतं. बाबांनी वाटण्या केल्या तेव्हा घराखालची जमीन मला दिली, कारण मी थोरली, आणि वरचं घर वार्तीला, कारण ती धाकटी आणि आईला बघणारी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नवऱ्यामागे सेमारांगला आलेली, शिलाई मशीनवर पाठ मोडून घेणारी. मला जमीन काय करायची होती? पण पुढे पुढे मला त्यातली गोडी कळायला लागली. वार्ती झोपायची ती माझ्या जमिनीवर. तिच्या कोंबड्या उकरायच्या ती माझी माती. दर ईदेला मी जायची, सकाळी अंगणात उगाच एक फेरी मारायची, कुंपणाचा एखादा बांबू हलवून बघायची. कुणाला काही बोलायची नाही. एकदाच बोलले. गेल्या ईदेला स्वयंपाकघरात दहा बायका, नारळाच्या दुधाचा वास, धूर, आणि वार्ती म्हणाली, "ताई, जरा सरक ना, मला चुलीशी जाऊ दे." मी म्हणाले, "सरकते बाई. फक्त चूल कुणाच्या जमिनीवर आहे तेवढं विसरू नकोस." बायका हसल्या. वार्तीही हसली, आणि तिनं भात उतरवला. मला वाटलं, गंमत गमतीवारी गेली. त्या गोष्टीला सात महिने झाले होते. आता तुकिमिननं दोन बैल देऊन रस्त्यापलीकडची जागा घेतली होती, आणि चूल तिकडे चालली होती.

घरी आल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. आमच्या कॅलेंडरात सात वार असतातच, शिवाय बाजाराचे पाच जुने वार असतात, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि ही दोन चाकं एकमेकांत अडकून फिरतात. तीच जोडी पुन्हा यायला पस्तीस दिवस लागतात. माणूस जन्मतं एका जोडीवर आणि मरतं एका जोडीवर. ज्या जोडीवर आई किंवा बाप गेला त्या दिवशी मुलांनी काही नवं करायचं नाही: लग्न नाही, पेरणी नाही, आणि घर हलवणं तर नाहीच नाही. बाबा गेले ते बुधवारी, पाहिंगला. असं सगळं गाव समजतं. गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: पोन. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग मी मशीनवर बसले आणि एक बाही उलटी जोडली.

कारण बाबा बुधवारी गेले नव्हते. आमचा वार मावळतीला बदलतो, मध्यरात्री नाही. मशिदीचा ढोल वाजला की बुधवार संपला, गुरुवार लागला. बाबा गेले ढोल वाजून गेल्यावर. हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. अकरा वर्षं गाव त्यांचा चुकीचा वार पाळत होतं, आणि आता नेमका खरा वार मोकळा समजून वार्तीनं घर उचलायला धरला होता. म्हणजे मी सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचा अवकाश, चाळीस खांदे खाली. कुणी तुळईला हात लावला नसता. मी इतकी खूश झाले की उलट्या बाहीची शिवण उसवताना गाणं गुणगुणत होते. नवरा म्हणाला, "काय गं, लॉटरी लागली?" मी म्हणाले, "गावी जातेय. घर उचलायचंय." तो म्हणाला, "मग त्यात हसण्यासारखं काय आहे?"

बुधवारी बसमध्ये बसले तेव्हा ती खुशी उतरली. पुर्वोदादी सोडल्यावर रस्ता खराब होतो, दोन्ही बाजूंना सागाची जंगलं लागतात, आणि खिडकीतून ती एकसारखी झाडं बघताना माणसाला नको ते आठवतं. हिशोब सोपा नव्हता. ते वाक्य बोलायचं तर त्याच्यामागून दुसरं वाक्य येणार होतं. लोक विचारणार, मग साडेचारला गेले असं का सांगितलंस? बाबांना छातीचं दुखणं होतं, औषधपाण्यासाठी माझ्याकडे आणलं होतं, बरोबर वार्ती आलेली. नऊ दिवस ती त्यांच्या उशाशी बसून. मी शेजारच्या खोलीत मशीन चालवायची, आणि मशीन थांबलं की ऐकू यायचं: वार्ती, पाणी. वार्ती, कूस बदल. माझ्या घरात, माझ्या गादीवर. मी पेज नेली तर म्हणायचे, ठेव, वार्ती भरवेल. नवव्या दिवशी, बुधवारी, चार वाजता त्यांना शहाळं हवंसं झालं. मी वार्तीला म्हणाले, तू जा, मोठ्या बाजारात चांगली मिळतात. कोपऱ्यावरही मिळत होती. मला फक्त थोडा वेळ हवा होता, त्यांच्याजवळ एकटीला. ती गेली. मी बसले. दोन तास त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग ढोल वाजला, गल्लीतले दिवे लागले, बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "वार्ती? वार्ती, आलीस?" पुन्हा एकदा, "वार्ती." आणि थोड्या वेळानं गेले. वार्ती साडेसहाला शहाळं घेऊन धावत आली. तिचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून आलं, "तू गल्ली वळलीस आणि साडेचारला गेले. शांतपणे. काही बोलले नाहीत." मी वाराचा विचारसुद्धा केला नव्हता. मला फक्त ती हाक तिला द्यायची नव्हती. दुसऱ्या दिवशी गावात, कबरीपाशी, वार मोजणाऱ्या म्हाताऱ्या म्बाह सास्त्रोंनी, म्हणजे सास्त्रो आजोबांनी, विचारलं, "मावळायच्या आधी की नंतर?" वार्ती माझा हात धरून उभी होती. मी म्हणाले, "आधी."

लोक म्हणतात, हेवा आगीसारखा असतो. माझा तसा नाही. माझा रोजच्या जेवणासारखा आहे, वेळ झाली की लागतो. वार्ती जन्मली तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा कोळसा विकायला आठवडी बाजारात जायचे, खांद्यावर कावड, एका टोपलीत कोळसा, दुसऱ्यात वार्ती. मी मागून चालायची. एकदा वार्तीला ताप होता, ती घरी राहिली; मी म्हणाले, बाबा, आज मी बसू? ते हसून म्हणाले, "तू बसलीस तर कावड मोडेल गं रुकिनी." ते खरंच होतं, मी अंगानं थोराड होते, नऊ वर्षांची होते. त्यांनी त्या टोपलीत दगड भरले. मी घाटभर त्या दगडांकडे बघत चालले. आज मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, माझी दोन मुलं नोकरीला लागलीत, तरी मला तो सगळ्यांत वरचा दगड आठवतो, काळा, त्याच्या एका बाजूला पांढरी रेघ होती. असल्या गोष्टी कुणाला सांगता येत नाहीत. सांगितल्या तर लोक म्हणतील, एवढंच? एवढंच.

बस फाट्यावर थांबली, तिथून गावात दोन मैल चालत. ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या वळणावरून आमचं घर दिसतं. त्या दिवशी घराऐवजी नुसते खांब दिसले आणि खांबांतून पलीकडची केळी. कौलं एका बाजूला नीट रचलेली, फळ्यांवर खडूनं आकडे. आतलं सामान शेजाऱ्याकडे हलवलेलं. मधल्या चार खांबांच्या मधोमध, बाकड्यावर, आई बसली होती, विडा कुटत. छत नाही, भिंती नाहीत, आणि ती मात्र रोजच्या जागेवर. मला बघून म्हणाली, "आलीस? जेवलीस?"

"आई, हे काय चाललंय?"

"दिसतंय की. घर चाललंय."

"आणि तू?"

"घर जाईल तिकडे मी. जमिनीवर कोण राहतं? गुरं राहतात." तिनं विडा तोंडात टाकला. "तुझ्यावर नाही गं म्हणत. बस. पाय धुतलेस का?"

तेवढ्यात वार्ती आली. हातात रिकामी परडी, डोक्यावर पदर. मला बघून थबकली, मग धावत येऊन तिनं माझे हात धरले. "ताई! मला वाटलंच होतं तू येशील. आज बाबांचा वार ना, आत्ताच फुलं वाहून आले." अकरा वर्षं, दर पस्तीस दिवसांनी, ही बाई बुधवार पाहिंगला कबरीवर फुलं नेते. आणि अकरा वर्षं, दर पस्तीस दिवसांनी, मी सेमारांगमध्ये मशीनवर बसून मनात म्हणते: चुकलीस. वाईट आहे हे, मला कळतं. पण गोड लागतं. तिच्या हातांना जाईचा वास येत होता.

मी म्हणाले, "वाटलं होतं म्हणजे? निरोप तर नव्हता."

"निरोप धाडला असता तर तू नको म्हणाली असतीस. मग मला ऐकावं लागलं असतं. थोरली ना तू."

"आणि न विचारता नेलं की ऐकावं लागत नाही?"

"विचारणार आहेत ना उद्या. घर उचलायच्या आधी म्बाह सास्त्रो थोरल्या लेकराला विचारतात, काही अडचण आहे का म्हणून. तेव्हा म्हण की नको." हसून म्हणाली. ती नेहमी हसूनच म्हणते. मग आवाज खाली आणून, "तुझी जागा तुला मोकळी करून देतेय ताई. मला काही वाकडं नाही त्यात. रोज चूल पेटवताना आठवायचं, एवढंच."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं. तुकिमिन बांबू बांधता बांधता आला, घाम पुसत म्हणाला, "ताई, एक विचारायचं राहिलं. उथळी घराची की जमिनीची?" मला कळेना थट्टा करतोय की काय. मी ठसक्यात म्हणाले, "जमिनीची." तो म्हणाला, "हो ना? मीही हिला तेच म्हटलं. म्हणून नवीन चार आणून ठेवलीत तिकडे." मी पलीकडे पाहिलं. नव्या जागेवर चार पांढरे दगड चौकोनात बसवलेले होते, जमीन चोपून गुळगुळीत केलेली, आणि कडेला वार्तीनं आधीच मिरचीची रोपं लावली होती. सगळं माझ्यावाचून झालेलं. मग मशिदीचा ढोल वाजला. वार्तीनं दिवा आणून आईजवळ ठेवला. गुरुवार लागला होता, पोन, बाबांचा खरा वार. मी तोंड उघडलं. "काय ताई?" वार्तीनं विचारलं. मी म्हणाले, "मीठ आहे का घरात?"

त्या बिनछपराच्या घरात आम्ही तिघी एका चटईवर झोपलो. आई मध्ये. म्हणजे झोपल्या त्या दोघी. आईचा हात झोपेत वार्तीच्या पोटावर होता. मी दोन्हीकडचा विचार केला. बोलले तर घर थांबेल. पण बाबांची हाक वार्तीच्या पदरात पडेल, तिला कळेल की शेवटी ओठांवर तीच होती, आणि ते कळल्यावर तिला कशाचीच गरज उरणार नाही. नाही बोलले तर घर जाईल, आई जाईल, माझ्या जमिनीवर चार दगड उरतील, पण हाक माझ्याकडे राहील. माझ्या नावाची नसली तरी ऐकली मी होती. पहाटे मी ठरवलं, जाऊ दे घर. लाकूड तर आहे.

सकाळी गाव जमलं. बायकांनी पलीकडे चुली मांडल्या, भात, फणसाची भाजी, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, गोड कॉफीची मोठी पातेली. पोरांच्या आयांनी पोरं दूर हाकलली. आढ्याला लाल-पांढरं कापड, केळीचा फणा आणि भाताच्या लोंब्या बांधल्या होत्या. चाळीसच्या वर पुरुष आले, कांग दारमोसुद्धा, सदरे काढून, खांद्यांवर गोणपाटाच्या घड्या. फक्त आई उठेना. बाकड्यावर बसलेली. वार्ती म्हणाली, "आई, ऊठ, घर उचलायचंय." आई म्हणाली, "उचला की. मी कुठे धरून ठेवलंय? डोक्यावरून जाऊ दे. मला बघायचंय कसं जातं ते." लोक हसले. म्बाह सास्त्रो म्हणाले, "राहू द्या म्हातारीला. जिचं घर तिला खालून बघायचा मान." मग ते माझ्याकडे वळले. "रुकिनी, तू तुझ्या बापाची, पार्तोची, थोरली. आम्ही वार बघून धरलाय. पाहिंग टाळला, पोन मोकळा आहे. तुझ्या मनात काही अडचण?"

वार्ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "काही नाही."

"मग बिस्मिल्ला," म्हातारे म्हणाले. माणसं खाली वाकली, बांबू खांद्यांवर आले. कुणीतरी बांबूच्या पोकळ ढोलकीवर ठेका द्यायला लागलं. एक, दोन, आणि घर वर आलं. मी जन्मले त्या घराचे पाय मी पहिल्यांदा पाहिले. खांबांच्या तळांना शंभर वर्षांची माती चिकटलेली, गोल, आणि उथळ्यांवर त्यांचे स्वच्छ, फिके शिक्के. घर करकरलं, एका बाजूला झुकलं, सावरलं. वार्ती समोर उलट्या पावलांनी चालत होती, दोन्ही हात पसरून, डावीकडे, जरा डावीकडे, असं ओरडत, केस सुटलेले, घामानं चिंब, आणि चेहरा असा की मी तो लहानपणीच पाहिला होता, टोपलीतून डोकं बाहेर काढून रस्त्याकडे बघतानाचा. आई खाली बसून वर बघत होती. तुळया तिच्या डोक्यावरून सरकायला लागल्या आणि ती ओरडली, "वार्ती! वार्ती, सांभाळून!"

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. मला कुणी सांभाळून म्हटलं नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "खाली ठेवा! बाबा मावळल्यावर गेले होते! ढोल वाजल्यावर! आजचाच वार आहे त्यांचा!"

ठेका थांबला. घर थांबलं, जमिनीपासून कमरेइतकं वर. चाळीस माणसांचा श्वास ऐकू येत होता. म्बाह सास्त्रो काठी टेकत आले. "काय म्हणतेस? मी तुला कबरीपाशी विचारलं होतं."

"मी खोटं सांगितलं."

"अहो ताई," तुळईखालून दारमो कळवळला, "हे बाजारात नाही का सांगायचं? खांद्यावर घर असताना?"

"गप रे," म्हातारे म्हणाले. "पोरी, वारात कुणी खोटं बोलतं? का बोललीस?"

वार्ती हात खाली सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू साडेचार म्हणालीस," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं हेच म्हणतेय, की मी वळले आणि ते गेले. मी थोडी थांबले असते तर. ताई, का?"

घराच्या सावलीत ते सगळे उघडे खांदे, लाल झालेली तोंडं, माझ्याकडे वळलेली. आता मागे जाता येत नव्हतं. "कारण त्यांनी तुला हाक मारली," मी म्हणाले. "मी समोर होते आणि त्यांनी तुला हाक मारली. दोनदा. मला ते तुला सांगायचं नव्हतं." एक माणूस कण्हत म्हणाला, "म्बाह, हाकेचं मागनं बघू, आधी घराचं बोला." म्हाताऱ्यांनी काठी आपटली, "मागे घ्या. होतं तिथं ठेवा." घर पावलापावलानं मागे आलं, आईच्या डोक्यावरून पुन्हा सरकलं, आणि टेकलं. तीन खांब उथळ्यांवर बसले, चौथा बोटभर बाजूला गेला. आई म्हणाली, "आलं का परत? पाहिलं बाई मी खालून. फार वाळवी नाही लागलेली."

म्बाह सास्त्रो तिथेच उकिडवे बसले, बोटांवर मोजायला लागले, मग म्हणाले, "रविवार. लेगी. चांगला आहे. रविवारी या रे सगळे." तीन दिवस. एवढंच मिळवलं मी. माणसं माझ्याकडे न बघता पलीकडे जेवायला गेली. चाळीस जणांचा भात शिजलेला होता, तो काही वार बघत नाही. मीही वाढायला गेले, दुसरं काय करणार. पानांवर भात वाढता वाढता ऐकत होते. एक बाई दुसरीला सांगत होती, वार्तीला हाक मारत गेले म्हणे. दोनदा. दुसरी तिसरीला. पंगतीच्या टोकापर्यंत ते गेलं आणि तिथे म्हातारी माणसं म्हणाली, "असणारच. टोपलीतून नेलेलं पोर." मला कुणी शिवी दिली नाही. एकीनं उलट माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाली, "बसा, दमला असाल." मला ते अधिक लागलं.

भांडी झाल्यावर मी घराकडे आले. वार्ती वाकड्या बसलेल्या चौथ्या खांबाला टेकून खाली बसली होती. रडून झालं होतं, चेहरा सुजलेला, पण असा शांत की मला तो बघवेना. मला वाटलं ती म्हणेल, तुझं तोंड बघायचं नाही मला. तिनं बाजूला सरकून जागा केली. मी बसले.

"ताई, एकच सांग," ती म्हणाली. "मी रागावत नाही. हाक मारली, तेव्हा ओ कुणी दिली? का हाका मारत मारतच गेले, कुणी नसल्यासारखे?"

"मी दिली."

"काय म्हणालीस?"

"म्हणाले, हो बाबा, वार्तीच आहे. आले मी."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाली, "बरं केलंस गं. फार बरं केलंस." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना धुराचा वास होता. "मग?" तिनं विचारलं. "मग काय केलं त्यांनी?"

मग त्यांनी माझा हात धरला होता. वार्तीचा हात शेतावरचा, तळव्याला घट्टे असलेला. माझी बोटं टोकाला सुईनं टोचून खरखरीत झालेली, चाळणीसारखी. बाबांचा अंगठा माझ्या बोटाच्या टोकावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. त्यांना कळलं असणार. बोटं तर खोटं बोलत नाहीत. त्यांनी हात सोडला नाही. दाबला, जोरात, अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं.

"मग काही नाही," मी म्हणाले. "मग गेले."